मानपत्र लिहिणारीचं मानपत्र कोण लिहिणार?

गेल्या वर्षी १५ सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनाला, आत्याबरोबर एका समारंभाला गेले होते. अभियंत्यांची जुनी संस्था, तिचा वर्धापन दिन. व्यासपीठावर सर विश्वेश्वरय्यांचा फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर समई. त्या दिवशी संस्थेनं नऊ ज्येष्ठ अभियंत्यांना 'सन्माननीय फेलो' करून घेतलं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि फ्रेम केलेलं मानपत्र. प्रत्येकाचं मानपत्र माइकवरून वाचून दाखवलं. एरवी अशा मानपत्रांत 'आपले कार्य दीपस्तंभासारखे' छापाची वाक्यं असतात. ही तशी नव्हती. कुणी कुठल्या पुलाचा पाया कसा वाचवला, कुणी कुठल्या वर्षी पुराच्या रात्री धरणावर कसा पहारा दिला, असं सगळं नेमकं लिहिलेलं होतं.

मी आत्याच्या कानाशी लागले. "किती छान लिहिलीत गं! कुणी लिहिली?"

"मीच," ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वी फोन आला. म्हणाले, मॅडम, तुम्ही सगळ्यांना ओळखता, तुमची भाषाही चांगली. म्हटलं, देते लिहून."

माझी आत्या ७३ वर्षांची आहे. स्थापत्य अभियंता. कालव्यांच्या कामावर तिनं सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाली. त्या नऊजणांपैकी तिघं तिच्या हाताखाली तयार झाले होते. त्या तिघांनी व्यासपीठावरून उतरल्यावर आधी येऊन तिला वाकून नमस्कार केला, हेही सांगायला हवं. माणसं वाईट नव्हती. कुणी मुद्दाम तिला डावललं असंही नाही. तिचं नाव कुणाला सुचलंच नाही, इतकंच. आणि मला वाटतं, हे 'सुचलंच नाही' प्रकरण डावलण्यापेक्षा अवघड आहे. डावललं तर निदान भांडता येतं!

घरी परतताना रिक्षात मी धुसफुसत होते. आत्या शांतपणे म्हणाली, "अगं, त्यासाठी कुणीतरी नाव पाठवावं लागतं. माझं कुणी पाठवलं नाही. नाव आलंच नाही तर कमिटी तरी काय करणार?"

तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मग हा 'फेलो' नावाचा प्रकार नेमका असतो तरी काय, ते शोधायला बसले.

शिडी आणि तिची वरची पायरी

आपल्यापैकी अनेकींच्या घरी इंजिनीअर आहेत. मुलगा, सून, जावई, लेक. पण त्यांच्या व्यावसायिक संस्थांबद्दल आपल्याला फारसं ठाऊक नसतं. आपल्याकडे १९२० मध्ये स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स (इंडिया)' आहे, १९८७ मध्ये स्थापन झालेली 'इंडियन नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग' आहे. ब्रिटनमध्ये 'रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंग', विद्युत अभियंत्यांची जगभर पसरलेली 'आयईईई'. अशा संस्थांत सभासदत्वाची शिडी असते. खालच्या पायऱ्या अर्ज करून, फी भरून, अनुभव दाखवून चढता येतात. वरची पायरी म्हणजे फेलो. आणि त्याहून वेगळा, संस्थेनं आपणहोऊन द्यायचा मान म्हणजे सन्माननीय फेलो.

या वरच्या पायरीचा नियम बऱ्याच ठिकाणी सारखा. तिथं आपण आपलं नाव द्यायचं नसतं, दुसऱ्यानं सुचवायचं असतं. आणि मोठ्या संस्थांत सुचवणारे किंवा शिफारस करणारे बहुतेक वेळा आधीचे फेलोच असतात. 'आयईईई'चंच बघा. तिथं नाव कुणीही सुचवू शकतं, पण शिफारसपत्रं लागतात ती फेलोंची. आणि एका वर्षात मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी जास्तीत जास्त ०.१ टक्का लोकांनाच फेलो करता येतं. म्हणजे हजारात एक!

आता तुम्हीच सांगा. वर बसलेल्यांनी खालच्यांना वर घ्यायचं, आणि वर बसलेले सगळे पुरुष असले, तर त्यांना कोण आठवणार? ज्यांच्याबरोबर साइटवर जेवलो, ज्यांच्याबरोबर रेस्ट हाउसवर मुक्काम केला, ज्यांच्याशी संध्याकाळी गप्पा मारल्या, तेच. संध्याकाळी साडेपाचची बस धरून पाळणाघर गाठणारी बाई त्या गप्पांत नव्हतीच. मग ती आठवणीत कशी राहणार? यात कुणाचा दुष्टपणा नाही. पण निकाल मात्र तोच लागतो.

'विवाहित असल्यामुळे अपात्र'

ही रडकथा आजची नाही. हर्था आयर्टन हे नाव मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. १८५४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेली ही बाई. त्या काळी रस्त्यांवर आर्क लॅम्प नावाचे विजेचे दिवे असत. ते फुसफुसत, लुकलुकत. ते का फुसफुसतात, याचं उत्तर हर्थाबाईंनी शोधून काढलं. १८९९ मध्ये लंडनच्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनीअर्स' या संस्थेपुढे त्यांनी स्वतः आपला निबंध वाचला आणि त्याच वर्षी त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या.

पुढची गोष्ट मात्र वाचण्यासारखी आहे. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलोशिपसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं. म्हणजे नाव सुचवणारे भेटले! सोसायटीनं वकिलांचा सल्ला घेतला. वकील म्हणाले, विवाहित स्त्रीला कायद्यानं स्वतंत्र अस्तित्व नाही, त्यामुळे ती फेलो होऊ शकत नाही. संपलं. दोन वर्षांनी त्याच सोसायटीत त्यांनी आपला निबंध स्वतः उभं राहून वाचला. १९०६ मध्ये त्याच सोसायटीनं त्यांना ह्यूज पदक दिलं. म्हणजे काम मान्य, पदक मान्य, पण बसायला खुर्ची नाही. रॉयल सोसायटीत पहिल्या स्त्रिया फेलो म्हणून निवडल्या गेल्या त्या १९४५ मध्ये. हर्थाबाई १९२३ मध्येच गेल्या होत्या.

अमेरिकेतली नोरा स्टँटन ब्लॅच तर थेट कोर्टात गेली. १९०५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणारी ती पहिली स्त्री. 'अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनीअर्स'नं तिला कनिष्ठ सभासद करून घेतलं. वय वाढलं, कनिष्ठ राहता येईना, म्हणून तिनं वरच्या दर्जाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. तो नाकारला. १९१६ मध्ये तिनं संस्थेवर दावा लावला आणि ती हरली. १९७१ मध्ये तिचं निधन झालं. आणि २०१५ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ४४ वर्षांनी, त्याच संस्थेनं तिला मरणोत्तर फेलो केलं. चूक कबूल केली, हे चांगलंच. पण श्राद्धाला केलेलं पक्वान्न जेवायला माणूस नसतं, हेही खरं.

एडिथ क्लार्कची तऱ्हा आणखी वेगळी. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची एम.एस्सी. घेतलेली ती पहिली स्त्री, वर्ष १९१९. पण तिला इंजिनीअर म्हणून नोकरी मिळेना. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिनं आकडेमोड करणाऱ्या मुलींच्या विभागावर देखरेख केली. कंटाळून तुर्कस्तानात शिकवायला गेली, परत आली, तेव्हा कुठे तिला इंजिनीअरचं पद मिळालं. लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांची गणितं सोपी करणारी ही बाई १९४८ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेची पहिली स्त्री फेलो झाली. तेव्हा तिचं वय होतं ६५.

चार महिन्यांचं बाळ आणि खोडलेला 'ही'

आता आपल्या देशात येऊ. हर्थाबाईंना १८९९ मध्ये ज्या लंडनच्या संस्थेनं सभासद केलं, त्याच संस्थेनं १९५३ मध्ये एका भारतीय स्त्रीला असोसिएट सभासद करून घेतलं. तिचं नाव ए. ललिता.

ललिताबाईंचा जन्म १९१९ चा. लग्न पंधराव्या वर्षी. अठराव्या वर्षी वैधव्य आलं, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होत असे, ते आपल्या आज्यांकडून आपण ऐकलंय. पण त्यांचे वडील मद्रासजवळच्या गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला. प्राचार्यांनी मुलीला प्रवेश दिला. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी आल्या, पी. के. त्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज. पदवीच्या छापील प्रमाणपत्रावर इंग्रजीत 'ही' असा पुल्लिंगी शब्द होता. मुलगी हे प्रमाणपत्र घेईल अशी कल्पनाच नव्हती ना! तो खोडून तिथे 'शी' करावं लागलं.

पुढे ललिताबाईंनी कोलकात्यात एका विद्युत कंपनीत काम केलं. भाऊ तिथं होता, मुलीकडे बघायला घर होतं, म्हणून ते शहर. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर त्यांनी काम केलं. १९६४ मध्ये न्यू यॉर्कला स्त्री अभियंत्यांची आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या. १९६६ मध्ये लंडनच्या त्या संस्थेनं त्यांना पूर्ण सभासदत्व दिलं. त्यांच्या बरोबरच्या त्रेसियाबाई १९७१ मध्ये केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. देशातल्या पहिल्या स्त्री मुख्य अभियंता!

ललिताबाईंच्या गोष्टीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वडिलांनी शब्द टाकला. कुणीतरी, योग्य जागी, योग्य वेळी तिचं नाव घेतलं. हुशारी तिची, कष्ट तिचे, पण दार उघडायला आतल्या माणसाचा हात लागला. आपण याला 'वशिला' म्हणून नाक मुरडतो. पण पुरुषांसाठी तो हात कायमच असतो, आणि तिथं त्याला 'ओळख' म्हणतात.

आणि तो हात नसेल तर? मग सुधा मूर्तींसारखं पोस्टकार्ड लिहावं लागतं. १९७४ मधली ती गोष्ट मराठी घराघरांत माहीत आहे. स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी टेल्कोची जाहिरात, जे. आर. डी. टाटांना लिहिलेलं खरमरीत कार्ड आणि मग पुण्याच्या कारखान्यातली नोकरी. पण प्रत्येकीला कार्ड लिहायचं धाडस होत नाही, आणि प्रत्येक कार्ड वाचणारा जे. आर. डी. नसतो.

"उगाच मला मोठं करू नका"

आता अगदी अलीकडचं बघू. जून २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब नदीवरच्या रेल्वे पुलाचं उद्घाटन झालं. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा पूल. त्या कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता १७ वर्षं सल्लागार होत्या. भुसभुशीत, भेगाळलेल्या डोंगरउतारावर पुलाचे पाय टेकवायचे, उतार घसरू द्यायचा नाही, हे त्यांच्या विद्येचं काम. उद्घाटन झालं आणि सगळीकडे त्यांचे फोटो झळकले. त्यावर त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं की कौतुकाबद्दल आभार, पण हे श्रेय हजारोंचं आहे, मी त्यातली एक. उगाच मला प्रसिद्धी देऊ नका.

मला त्यांचा आदर वाटला. कारण ते खरंच आहे. पूल कुणी एकटं बांधत नाही, आणि 'पुलामागची बाई' असल्या मथळ्यांत अतिशयोक्ती असतेच. पण त्याच वेळी मला माझी आत्या आठवली. आपल्याकडच्या किती बायका हेच वाक्य म्हणतात! स्वयंपाकाचं कौतुक केलं तर "भाजी चांगली मिळाली होती" म्हणतात, नोकरीतल्या कामाचं केलं तर "आमच्या साहेबांनी संधी दिली" म्हणतात. श्रेय वाटून घेणं हा सद्गुण आहे. पण बायकांनी तेवढं सगळं वाटून टाकायचं आणि पुरुषांनी गोळा करायचं, अशी वाटणी झाली तर हिशेब कसा जुळेल? विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवलेली स्वयंचलित दारंही त्यांनी एकट्यानं थोडीच घडवली होती? लोहारही होते, फिटरही होते. तरी आपण त्यांचं नाव घेतो, आणि बरोबरच करतो. कल्पना त्यांची होती.

मान मिळाला नाही तर बिघडतं काय?

हा प्रश्न मला माझ्या मुलीनंच विचारला. "आई, एक शाल आणि एक फ्रेम! एवढं काय त्यात? काम केलं, पगार घेतला, पेन्शन मिळतंय."

तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण या मानाबरोबर आणखी काही येतं. ज्याला संस्था 'फेलो' म्हणते, त्याचं मत विचारलं जातं. नियमावली ठरवणाऱ्या समित्यांवर, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांवर, निवड समित्यांवर त्याला बोलावतात. आणि तिथं बाई असण्यानं फरक पडतो. कसा, ते सांगते.

कॅरोलिन हॅस्लेट नावाच्या ब्रिटिश अभियंता होत्या. १९२४ मध्ये बायकांसाठी विजेची संघटना काढणाऱ्यांत त्या पुढे होत्या. दुसरं महायुद्ध चालू असताना, युद्धानंतर बांधायच्या घरांत वीज कशी खेळवायची हे ठरवायला १९४२ मध्ये एक समिती नेमली. २० सदस्य, त्यात बाई एकच, कॅरोलिन. ब्रिटनमधल्या घरांत पुढे आलेला तीन पिनांचा प्लग आणि झडपा असलेला सॉकेट हे त्या समितीच्या शिफारशींतून आले. लहान मुलानं बोट किंवा खिळा घातला तरी शॉक बसू नये म्हणून त्या झडपा. रांगणारं मूल भिंतीतल्या भोकात काय काय घालतं, हे घरात दिवसभर वावरणारीला वेगळं सांगावं लागत नाही. ही खुर्ची रिकामी राहिली असती तर ते तितक्या लवकर कुणाच्या ध्यानात आलं असतं का?

लिलियन गिलब्रेथ यांचंही तसंच. बारा मुलांची आई आणि औद्योगिक अभियंता. १९१४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, तेव्हा लेखिका बाई आहे हे कळू नये म्हणून प्रकाशकानं फक्त आद्याक्षरं छापली. १९२४ मध्ये नवरा गेला, तशी जुनी गिऱ्हाइकं गळाली. मग त्यांनी स्वयंपाकघरच अभ्यासाला घेतलं. ओटा किती उंच हवा, फ्रिजच्या दाराला आतून फळ्या हव्यात, कचऱ्याचा डबा पायानं उघडायला हवा, ही त्यांची कामं. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. वय ८७!

आणि माझ्या आत्याचं काम? कालव्यांचं अस्तरीकरण झालं, म्हणजे मातीच्या कडा जाऊन सिमेंटच्या गुळगुळीत झाल्या. पाणी मुरणं थांबलं, पण गावातल्या बायका धुणं धुवायला जात त्या घसरू लागल्या. एकदा घसरलं की धरायला काही नाही. आत्यानं तिच्या हद्दीतल्या गावागावांत कालव्याला धुण्याच्या पायऱ्या आणि बाजूला धरायला साखळ्या बसवायचा आग्रह धरला. वरून शेरा आला, 'अंदाजपत्रकात तरतूद नाही.' तिनं नकाशे पुन्हा काढले, दुसरीकडचा खर्च वाचवून दाखवला आणि पायऱ्या करून घेतल्या. त्यासाठी तिला ना बढती मिळाली ना शाल. पण त्या पायऱ्यांवर आजही बायका धुणं धुतात. मी पाहून आलेय.

हे तिनं लिहिलेल्या नऊ मानपत्रांत कुठेच नव्हतं. असणार तरी कसं?

मग करायचं काय?

काही संस्थांना आता हे कळायला लागलंय. रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनीअरिंगनं २०२० मध्ये एक मोहीम सुरू केली. अकॅडमीला २०२६ मध्ये ५० वर्षं होतात. तोवर फेलोशिपसाठी येणाऱ्या नावांत स्त्रियांची आणि आजवर मागे राहिलेल्या गटांची नावं वाढावीत, असा त्यांचा प्रयत्न. त्यांनी निवडीचे निकष खाली आणले नाहीत, नावं कुठून येतात तिकडे लक्ष दिलं. माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. 'बायकांना आरक्षण देऊन फेलो करायचं का?' असा प्रश्न लगेच विचारला जातो. त्याची गरजच नाही. निवड कडकच असू द्या. पण निवडायला ठेवलेल्या ताटात सगळे पदार्थ तरी वाढा!

आपल्या राज्यात अभियांत्रिकीच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत. पुण्यात १९९१ पासून खास मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्या पहिल्या तुकड्यांतल्या मुली आज पन्नाशीच्या आहेत. म्हणजे आता फेलो व्हायचं त्यांचं वय झालंय. त्यांची नावं कोण पाठवणार?

मला सुचलेल्या चार साध्या गोष्टी सांगते. एक, जी बाई कुठल्याही संस्थेत वरच्या पायरीवर पोचली असेल, तिनं दरवर्षी एकीचं तरी नाव पाठवावं. दोन, पुरुष सहकाऱ्यांना सरळ विचारावं, "माझं नाव सुचवाल का?" यात लाज कसली? ते एकमेकांना विचारतातच. तीन, आपल्या कामाची नोंद ठेवावी. कुठलं काम, कुठलं वर्ष, त्यात माझा निर्णय कोणता. बाळंतपणाची, पालकांच्या आजारपणाची रजा मध्ये आली तर ती वर्षंही लाज न बाळगता लिहावीत. आणि चार, घरच्यांनी विचारावं. आपण मुलाला "ऑफिसात काय केलंस?" विचारतो, सुनेला "यायला उशीर का झाला?" विचारतो. प्रश्न बदलून बघा.

आत्याचा अर्ज

हे सगळं डोक्यात घेऊन महिन्याभरापूर्वी मी आत्याकडे गेले. त्याच संस्थेचा नामांकनाचा फॉर्म घेऊनच. तिच्या हाताखाली तयार झालेल्या त्या तिघांपैकी एकांना फोन केला होता. ते म्हणाले, "अहो ताई, मॅडमचं नाव? अरेच्चा, हे आमच्या लक्षातच कसं आलं नाही! मी सही करतो, आणखी एकांची आणतो. मजकूर तेवढा तुम्ही लिहा."

मजकूर लिहायला बसलो. फॉर्मवर रकाना होता, 'उमेदवाराचे वैयक्तिक योगदान'. आत्या म्हणाली, "लिही, विभागानं पायऱ्या बांधल्या."

"विभागानं नाही. तू."

"अगं, मी काय हातानं सिमेंट कालवलं का?"

"मग त्या सावंतांच्या... " मी म्हणता म्हणता थांबले, कारण नाव घेणं बरं नव्हे. "त्या दुसऱ्यांच्या मानपत्रात तू काय लिहिलं होतंस? 'यांनी पूल वाचवला' असंच ना? त्यांनी तरी कुठे हातानं वाचवला होता?"

ती हसली. मग बराच वेळ गप्प बसली. नंतर उठून आतल्या कपाटातून एक जुनी फाइल घेऊन आली. कडा खाल्लेले, निळ्या रेघांचे नकाशे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिची सही. एकावर तो शेराही होता, 'तरतूद नाही'. त्याखाली तिच्या अक्षरात चार ओळींचं उत्तर आणि खर्चाचा हिशेब.

"हे जोडायचं का?" तिनं विचारलं.

जोडलं. फॉर्म पाठवलाय. निवड होईल की नाही, ते कमिटी ठरवेल आणि तो तिचा अधिकारच आहे. पण या वेळी तिच्यासमोर आत्याचं नाव असेल. गेल्या वर्षी तेही नव्हतं.

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात अशी एखादी आत्या आहे का? असेल तर येत्या रविवारी तिच्याकडे जाऊन बसा. जाताना वही-पेन घेऊन जा. ती आधी "माझं काय गं एवढं" म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही लिहायला घ्या.